चालकाची झोप



रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला गावच्या चावडीपुढे, नाही तर पारापाशी, मुक्कामाची एस.टी. येऊन उभी राहते. उतारू आपापल्या घरी जातात. चालक आणि वाहक मागे राहतात. हातपाय धुतात, डबा सोडतात आणि गाडीतल्याच बाकावर किंवा देवळाच्या ओसरीवर अंग टाकतात. पहाटे हीच गाडी तालुक्याला निघते. तिच्यात शाळा-कॉलेजची मुले असतात, बाजाराला निघालेल्या बाया असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे असतात. ही चाळीस-पन्नास माणसे ज्याच्या हाती आपला जीव सोपवून निर्धास्त बसतात, त्या माणसाला रात्री झोप किती लागली, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? गाडीचे ब्रेक बरे आहेत ना, टायर झिजलेले नाहीत ना, असे विचारणारा माणूस एखादे वेळी भेटतो. चालकाच्या झोपेची चौकशी करणारा मात्र सहसा भेटत नाही.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की चालकाची झोप हा गाडीचाच एक भाग आहे. ब्रेकइतकाच महत्त्वाचा. आणि तो भाग सांभाळणे एकट्या चालकाच्या हातात नाही. त्याच्या झोपेचे तास मालक, व्यापारी, प्रवासी आणि गावकरी असे आपण सर्वजण मिळून ठरवीत असतो.

आधी झोप ही काय चीज आहे ते पाहू. आपल्याकडे म्हण आहे: भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि झोप आली की धोंड्यावरही डोळा लागतो. ही म्हण करणाऱ्याला झोपेचा स्वभाव नेमका कळला होता. झोप गादी-उशीची वाट पाहत नाही, आणि आपण कोठे बसलो आहोत हेही ती विचारीत नाही. धोंड्यावर जी येते, ती मोटारीच्या चाकामागेही येतेच.

पुष्कळांची अशी समजूत असते, की मनाचा निर्धार असला म्हणजे झोप परतविता येते. "आपल्याला नाही बुवा झोप येत, सवय आहे," असे जुने चालक अभिमानाने सांगतात. भूक काही काळ मारता येते, तहान काही काळ सोसता येते. तशी झोपही काही काळ लांबविता येते, हे खरे. पण लांबविली म्हणजे मिटली असे नव्हे. माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत अॅडिनोसीन नावाचे एक द्रव्य साठत जाते. जितके तास जागरण, तितका साठा अधिक, आणि तितकी झापड अधिक. झोपल्यावरच हा साठा उतरतो. म्हणजे हा हिशेब सावकाराच्या वहीसारखा आहे. आज दोन तासांची झोप बुडविली, उद्या दोन तासांची, परवा आणखी तीन. ही उधारी वहीवर चढतच राहते. मुख्य गोष्ट अशी, की काही दिवसांनी माणसाला आपली उधारी जाणवेनाशी होते. तो म्हणतो, "मी ठीक आहे." पण त्याचे हात, त्याचे डोळे, त्याची समयसूचकता यांची परीक्षा घेतली तर ती रोज थोडी थोडी खालावलेली दिसते. हा सावकार तगादा लावीत नाही. एके दिवशी तो एकदम वसुलीला येतो.

ही वसुली होते तरी कशी? फार झोप चढलेल्या माणसाला दोन, तीन, पाच सेकंदांची अशी एक डुलकी लागते, की ती लागली हे त्याचे त्यालाही कळत नाही. कधी कधी डोळे उघडेच असतात, पण मेंदू पाहत नसतो. घरी खाटेवर बसल्या बसल्या अशी डुलकी लागली तर मान लटकते आणि आपण हसून सावरतो. मोटारीत काय होते, ते शिक्षकबंधूंनी उद्या फळ्यावर उदाहरण घालून मुलांकडून काढून घ्यावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला २० मीटर पुढे जाते. चालकाला ५ सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी किती अंतर कोणीही हाकीत नसताना जाईल? उत्तर येते १०० मीटर. एवढ्या अंतरात वळण येते, पूल येतो, रस्ता ओलांडणारे गुरू येते, नाही तर रस्त्याच्या कडेला दिवा न लावता उभा असलेला ट्रक येतो. आणि झोपलेला माणूस ब्रेक दाबीत नाही. म्हणूनच अशा अपघातात रस्त्यावर चाके घासल्याच्या खुणा पुष्कळदा नसतात. दारूच्या धुंदीतला चालक निदान शेवटच्या क्षणी काही तरी धडपड करतो. झोपलेला चालक पुऱ्या वेगानिशी जाऊन आदळतो.

आता वेळेचा विचार करू. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते सूर्याच्या उजेडावर चालते. त्या घड्याळाप्रमाणे दिवसातून दोनदा झोपेची भरती येते. मोठी भरती मध्यरात्रीनंतर साधारण दोन ते सहाच्या दरम्यान आणि लहान भरती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. पहाटे शरीराची ऊब सर्वांत कमी होते, आणि लक्ष सर्वांत ढिले पडते. शेतकरी बंधूंना हे शिकवायला नको. रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देताना पहाटे तीन-चारच्या सुमाराला बांधावर बसल्या बसल्या कशी पेंग येते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. दारे मोडायचे राहून पाणी भलत्याच वाफ्यात गेले, तर पिकाचे थोडे नुकसान होते. त्याच वेळी महामार्गावर जो चाकामागे बसलेला असतो, त्याचे नुकसान एवढ्यावर भागत नाही.

आणि दिवसा झोपून ही भर निघते का? थोडी निघते, पुरती नाही. दिवसा शरीराचे घड्याळ जागे राहा म्हणून सांगत असते. शिवाय ऊन, आवाज, माशा, फोन आहेतच. म्हणून रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाची दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. हा रस्ता ७०१ किलोमीटर लांब आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. मोटारींना या रस्त्यावर सपाट भागात ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटरांहून अधिक! रस्ता सरळ, गुळगुळीत. गाव नाही, चौक नाही, समोरून गाडी नाही. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण अशा एकसुरी रस्त्यावर मेंदूला काम उरत नाही. पाळण्याला झोका द्यावा तसे इंजिनाच्या लयीने आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या धावण्याने डोळ्यांवर झापड येते. खाचखळग्यांच्या घाटरस्त्यावर चालक आपोआप जागा राहतो, सरळ रस्त्यावर त्याला मुद्दाम जागे राहावे लागते. १ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ एक खाजगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसे दगावली. वेळ होती मध्यरात्र उलटून दीडची. अपघाताला कारणे अनेक असतात, आणि ती ठरविणे तपास करणाऱ्यांचे काम आहे. आपण त्यातून एवढेच ध्यानात ठेवावे, की रात्रीची ती वेळ रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी अवघड असते.

दारू पिऊन गाडी चालविणे हा गुन्हा आहे, हे लहान मूलही सांगेल. झोपेचे आणि दारूचे माप कोणी लावून पाहिले आहे का? पाहिले आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना एकदा जागे ठेवून आणि एकदा मोजून दारू देऊन त्यांच्या हाताची व नजरेची तीच परीक्षा घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका मंद झालेला आढळला. २४ तास जागरण झाले तेव्हा हे प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या घरात गेले. आता आपल्या देशाचा कायदा पहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला, की चालक गुन्हेगार ठरतो. म्हणजे सकाळी पाचला उठून दिवसभर काम केलेला, दारूचा थेंबही न घेतलेला निर्व्यसनी चालक रात्री दहानंतर चाकामागे बसला, तर त्याचे हात कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या मद्यप्यासारखे चालत असतात. त्याच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि या फरकामुळेच झोपेची चोरी पकडली जात नाही. दारू मोजायला यंत्र आहे. झोप मोजायला पोलिसाच्या हातात काही नाही. अपघात झाला की धक्क्याने चालक खडबडून जागा होतो. विचारले तर, "समोर कुत्रे आले," "टायर फुटला," असे सांगतो. कधी तो खरे सांगायला उरतच नाही. मग कागदावर "अतिवेग" किंवा "हयगय" असे कारण लिहिले जाते. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली कितीजणांची मरणे झोपेच्या खाती पडायला हवी होती, ते त्या कागदांवरून उमगत नाही. पण २०२० साली देशातील ट्रकचालकांची जी एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत सुमारे निम्म्या चालकांनी सांगितले, की थकवा किंवा झोप आलेली असतानाही आपण गाडी चालवितो. हे काही हौसेने कोणी करीत नाही.

झोप आली म्हणजे चालक काय काय उपाय करतात? तोंडावर पाणी मारतात, काच खाली करून वारा घेतात, तंबाखू मळतात, बिडी ओढतात, मोठ्याने गाणी लावतात. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात अशा उपायांची कसोटी घेण्यात आली. थंड वारा आणि रेडिओ यांचा गुण फार तर थोडी मिनिटे टिकतो, असे दिसून आले. रेडिओवरून बोलताना हे सांगणे विचित्र वाटेल, पण खरे ते सांगितलेच पाहिजे: आमचा आवाज तुम्हाला सोबत करील, झोपेपासून वाचवणार नाही. झोपेवर औषध एकच, आणि ते म्हणजे झोप.

त्याच कसोटीत एक साधा उपाय मात्र खराखुरा गुणकारी ठरला. पेंग येऊ लागली, की गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी, धाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात लावावी. एक कडक कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॉफीचा गुण अंगी लागायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात डुलकी पुरी होते, आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. चहातही तेच द्रव्य असते, पण कमी. धाब्यावरच्या घोटभर चहाने हे काम होईलच असे नाही. उठल्याबरोबर गाडी सुरू करू नये. दहा-पंधरा मिनिटे चालावे, चूळ भरावी, मग बसावे. हेही लक्षात ठेवावे, की ही वीस मिनिटांची झोप म्हणजे उधारीवरचे व्याज भरल्यासारखे आहे. मुद्दल तसेच राहते. ते रात्रीच्या सात-आठ तासांच्या झोपेनेच फिटते. जागे राहण्याच्या म्हणून कोणी गोळ्या देऊ केल्या, तर त्या घेऊच नयेत. त्या झोप घालवीत नाहीत, नुसती झाकतात. उलट, सर्दी-पडशावरच्या आणि खाज-पित्तावरच्या पुष्कळ गोळ्यांनी पेंग येते, म्हणून चालकाने दुकानातून गोळी घेताना, "मी गाडी चालवतो, ही चालेल का?" असे विचारूनच घ्यावी.

थांबायचे केव्हा, हे चालकाला कळावे कसे? खुणा सोप्या आहेत. जांभयांवर जांभया येणे, डोळे चुरचुरणे, मागचे दोन मैलांचे दगड केव्हा गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्याच्या आतबाहेर जाणे, रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवर चाक जाऊन घरघर होणे. यांतली एकही खूण दिसली, तर "पुढच्या गावात थांबू" असे म्हणू नये. ते पुढचे गाव कधी कधी येतच नाही.

आता एका दुखण्याविषयी सांगतो. काही चालक आठ-आठ तास झोपूनही दिवसा पेंगत असतात. त्यांना लोक आळशी म्हणतात. खरे पाहता त्यांतील पुष्कळांना झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो. आपल्याकडे समजूत आहे, की जो मोठ्याने घोरतो तो गाढ झोपलेला असतो. ही समजूत चुकीची आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, आणि कोणाकोणाचा घसा इतका मिटतो, की श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ बंद होतो. मग शरीर घाबरून जागे होते, माणूस एकदम घुसमटल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. असे तासातून पाच, पंधरा, तीस वेळा होते, आणि सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तो म्हणतो, "झोपलो तर खूप, पण अंग शिणलेलेच आहे." ज्यांचे वजन वाढलेले आहे, मान जाड आहे, ज्यांना रक्तदाब आहे, त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो. आणि तासन् तास बसून राहणे, अवेळी तेलकट खाणे यामुळे चालकांत वजन वाढण्याचे प्रमाण मोठे असते.

या दुखण्याचा साक्षीदार रोग्यापेक्षा घरातले माणूसच असते. म्हणून आमच्या भगिनींना विनंती आहे: घरातला चालक मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकत असेल, सकाळी डोके दुखते म्हणत असेल, तर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्याला कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि तुम्ही जे रात्री पाहिले ते तुम्हीच सांगा. हा विकार बरा करता येतो. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, झोपण्यापूर्वी दारू न घेणे हे पहिले उपाय. विकार बळावला असेल तर नाकावर मुखवटा लावून हलक्या दाबाने हवा सोडणारे यंत्र रात्री वापरतात. त्या हवेने घसा उघडा राहतो. कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९८१ साली हा उपाय पुढे आणला. तो लागू पडला, की वर्षानुवर्षे पेंगणारा माणूस थोड्याच दिवसांत टवटवीत होतो. चालकांना भीती असते, की दुखणे सांगितले तर नोकरी जाईल. मालकांनी ही भीती काढून टाकली पाहिजे. उपचार घेतलेला चालक लपवून ठेवणाऱ्या चालकापेक्षा केव्हाही भरवशाचा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चालकाला झोपायला वेळ कोण देतो, आणि कोण देत नाही?

कायद्याने या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येई, त्यापुढे नाही. सलग पाच तास काम झाले, की निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पुढे २०२० साली संसदेने केलेल्या कामगार संहितेत हा कायदा इतर कायद्यांबरोबर सामावून घेण्यात आला. दिवसाला आठ तासांचा मूळ दंडक तिनेही ठेवला. पण मूळचा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. आपल्याकडे ट्रकमालक बहुधा एक-दोन गाड्यांचे धनी. कित्येक ठिकाणी मालक तोच चालक. त्याचे तास कोण मोजणार? युरोपातील देशांत जड गाडीत तास नोंदणारे यंत्रच बसविलेले असते. तेथे साडेचार तास गाडी चालविली, की ४५ मिनिटे थांबावेच लागते. आपल्याकडे राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असावेत असा नियम होता; तोही २०१८ साली काढून टाकण्यात आला.

कायदा असो नसो, तास ठरतात ते पैशाच्या हिशेबाने. ज्याला खेपेवर पैसे मिळतात, तो झोपला की त्याची खेप बुडते. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो किंवा नाशिककडची भाजी संध्याकाळी भरते आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोहोचली नाही, तर भाव पडतो. म्हणून शेतकरी चालकाला सांगतो, "दादा, काही करा, पण चारच्या आत पोचवा." उसाच्या हंगामात ट्रक-ट्रॅक्टरवाले कारखान्याच्या आवारात रात्रभर रांगेत अडकून पडतात. तेथे धड झोप नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी हलवावी लागते. गाडी खाली झाली, की लगेच दुसऱ्या खेपेला फडाकडे पळायचे. मग हीच गाडी पहाटे आपल्याच गावच्या रस्त्यावर, आपल्याच मुलांच्या समोरून येते. वऱ्हाडाची गोष्टही तशीच. सकाळी सहाला वऱ्हाड घेऊन निघालेला चालक दिवसभर मांडवाबाहेर गाडीपाशी बसतो. रात्री जेवणे उरकून, आहेर-माहेर होऊन अकरा वाजता पाहुणे गाडीत बसतात आणि म्हणतात, "चला आता, सकाळी कामावर जायचंय." आतली माणसे झोपी जातात, आणि सतरा तास जागा असलेला एकटा माणूस त्यांना घेऊन निघतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनी आणि गावकऱ्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, माल भरण्याची वेळ दोन तास अलीकडे आणावी. चालकाला रस्त्यात अर्धा तास थांबण्याची सवड त्या वेळेतच धरावी. लग्नाची किंवा देवदर्शनाची गाडी ठरविताना रात्रीचा मुक्काम धरूनच ठरवावी. आणि ते जमत नसेल तर दोन चालक मागावेत. भाड्यात थोडे अधिक पडेल, पण ते पैसे वाया जात नाहीत. साखर कारखान्याचे जे सभासद आहेत त्यांनी आपल्या सभेत विचारावे, की वाहनांना क्रमांकाची चिठ्ठी देऊन चालकांना सावलीत, पंख्याखाली, धड झोपता येईल अशी जागा आपण का करीत नाही? आणि आपली स्वतःची गाडी किंवा ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर तिच्यामागे चकाकणारी पट्टी किंवा दिवा लावल्याशिवाय तिला सोडू नये. झोपाळलेल्या चालकाचा काळ बहुधा अशाच उभ्या गाडीच्या रूपाने समोर येतो.

मुक्कामाच्या एस.टी.विषयी तर ग्रामपंचायतीला सहज करता येण्याजोगे पुष्कळ आहे. एक स्वच्छ खोली, पंखा, मच्छरदाणी, पाणी आणि संडास एवढी सोय करणे कोणत्याही गावाला जड नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहेच. ती निदान गाडी मुक्कामी असते त्या भागात मनापासून पाळावी. चालकानेही पाठ टेकल्यावर हातातल्या मोबाईलवर तासभर घालवू नये. त्या उजेडाने झोप दूर पळते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन कामे सांगतो. पहिले शाळेच्या सहलीचे. गाडी ठरविताना आपण भाडे विचारतो, आसने मोजतो. निघण्यापूर्वी चालकाशीही दोन शब्द बोलावेत. "काका, झोप झाली का?" असे विचारले, तर उत्तर "झाली की, गुरुजी" असेच येणार. त्याऐवजी विचारावे, "काका, काल गाडी किती वाजता लावलीत? आणि आज उठलात किती वाजता?" तो म्हणाला, "रात्री दोनला कोल्हापूरहून आलो, पाचला उठलो," तर समजावे, की ही गाडी आज निघता कामा नये. मालकाला दुसरा चालक पाठवायला सांगावे. मुले थोडी हिरमुसतील. सहल चार तास उशिरा निघेल. निघू द्यावी.

दुसरे काम वर्गातले. एका मुलाने फूटपट्टी वरच्या टोकाला उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याजवळ, अंगठा आणि बोट न लावता तयार ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली, तर पकडायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागला असे समजावे. दहा वेळा करून सरासरी काढावी. मग जत्रेच्या किंवा गणपतीच्या जागरणानंतरच्या सकाळी तीच मुले, तीच पट्टी घेऊन पुन्हा पहावे. जागरणाने काय होते हे मुलांना चिमटीतच कळेल, आणि घरी जाऊन ती ते आपल्या वडिलांना, मामांना, काकांना सांगतील. गावात ट्रक, टेम्पो, जीप चालविणारे कोणी ना कोणी त्यांच्या घरात असतेच.

चालक हा मोठ्या जबाबदारीचा धनी आहे. तो रात्री जागतो म्हणून शहराला सकाळी दूध-भाजी मिळते, आणि आपला माल बाजारात पोहोचतो. त्याच्या जागरणावर आपण जगत असू, तर त्याच्या झोपेची काळजी वाहणे हे आपले देणे लागते. कायदा तास ठरवील, यंत्रे येतील, रस्ते सुधारतील. तोवर एक गोष्ट आजपासून करता येईल. चालक रस्त्यात म्हणाला, "जरा वीस मिनिटे डोळा लावतो," तर कोणीही घड्याळाकडे पाहू नये. त्याला खुशाल झोपू द्यावे.